घरच्या मैदानावर

माझा नातू लामार कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हाती घेऊन डाव चालवणारा. परगावी हाच संघ धडाधड गुण मिळवायचा, आणि इथे मिसिसिपीत, घरच्या मैदानावर, साऱ्या गावासमोर भोपळा. मी घरचा एकही सामना चुकवला नाही. आपल्या पोरांच्या हाती चेंडू आला की उभी राहून गायीच्या गळ्यातली घंटा बडवायचे, चर्चमधल्या सगळ्या बायांना ओरडायला लावायचे. घरी आल्यावर लामारला झापायचे, "एवढ्या बाया घसा फोडतात तुझ्यासाठी, अन् तू पुतळ्यासारखा उभा! लाज नाही वाटत?"

तो मान खाली घालून म्हणायचा, "चुकलं, ग्रॅनी."

काल कोचने त्याला बाकावर बसवलं. मी गॅलरीतून तरातरा खाली उतरले. "माझ्या नातवात काय खोट काढलीस रे?"

कोचने टोपी काढली. "मिस ओडेसा, लामार ओरडून इशारा देतो, तेव्हा पुढच्या रांगेतली पोरं हलतात. म्हणून आपल्याकडे चेंडू असला की आपल्या लोकांनी गप्प राहायचं असतं. गोंगाट करायचा तो समोरच्यांच्या वेळी. तुमच्या घंटेत त्याचं कुणाला ऐकूच येत नाही."

चाळीस बाया ऐकत होत्या. मला वर बघवेना.

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"निघालोच होतो सांगायला. लामारनं वाट अडवली. म्हणाला,

'ग्रॅनीला गप्प करू नका, कोच. त्यापेक्षा मला बाकावर बसवा.'"