पाठोपाठ आलेली

कॉम्प्युटर विचारत होता, काढून टाकू का?

भाचेसुनेनं पडद्यावरचं मोठ्यानं वाचलं. हे सगळे प्रोग्राम दुसऱ्या कुणाच्या तरी गरजेपोटी आले होते. ज्याच्यासाठी आले ते आता राहिलं नाही. यांची आता कुणालाच गरज नाही.

दाराशी दोऱ्याची रिळं रंगवार लावत बसलेल्या आत्याबाईंचा हात थांबला. त्यांची पिशवी सकाळपासून पलंगाखाली भरून तयार होती. दोन जोड कपडे, चष्म्याचं घर आणि कधीपासून कुलूपबंद पडलेल्या त्यांच्या एका खोलीची किल्ली.

भावजय अंथरुणाला खिळली तेव्हा भाचा स्वतः जाऊन त्यांना इथे घेऊन आला होता. तिला कुशीवर वळवायचं, चमच्यानं भरवायचं, वर तिची बोलणीही खायची, हे दुसऱ्या कुणाच्या बापाला जमलं नसतं असं आत्याबाई मानत, आणि बोलूनही दाखवत. भावजय करडी, तर आत्याबाईंची जीभ म्हणजे कातर. भावजय पडल्या पडल्या सुनेवर करवादली, की सुनेनं तोंड उघडायच्या आधी आत्याबाईंचं उत्तर आतल्या खोलीत पोचलेलं असायचं. मग दोघींची जी जुंपायची, ती फाटकापर्यंत ऐकू जायची.

गेल्या महिन्यात भावजय गेली. आतली खोली गप्प झाली. आत्याबाईंना आपले हात कुठे ठेवावेत तेच कळेना. त्यांना कुणी जा म्हटलं नव्हतं. पण राहा असंही कुणी म्हटलं नव्हतं, आणि विचारायला जाणं त्यांच्या रक्तात नव्हतं. उठा म्हणायची वेळ लोकांवर आणण्यापेक्षा आपणच उठावं. संध्याकाळची गाडी त्यांनी मनाशी नक्की केली होती.

"बरोबर बोलतोय तुझा कॉम्प्युटर," त्या म्हणाल्या. "ज्याच्यासाठी आलो ते संपलं, की जागा मोकळी करावी. लोकांच्या पायात येऊ नये."

भाचेसुनेनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. काहीतरी ओठांवर आलं होतं, पण काम खोळंबलं होतं. एका शाळेचे भरतकामाचे कापडी बिल्ले आजच करून द्यायचे होते आणि कॉम्प्युटरच्या पोटात तीळभर जागा उरली नव्हती. नवा घेतला म्हणून नक्षी काढायचा जुना प्रोग्राम तिनं सकाळीच उडवला होता. ही त्याच्या पाठोपाठ आलेली मंडळी. तिनं होकाराची कळ दाबली. नावं भराभर वर सरकली आणि दिसेनाशी झाली.

जागा झाली. नवा प्रोग्राम झटकन उघडला, बिल्ल्याची नक्षी पडद्यावर उमटली. भरतकामाचं मशीन मात्र ढिम्म.

तिनं तार काढून परत घातली. मशीन बंद करून चालू केलं. सुई बदलली, दोरा नव्यानं ओवला. मशीन हूं की चूं करेना. सासू गेली तरी घरातला रुसवा काही गेला नाही, असं आत्याबाई रिळांना उद्देशून म्हणाल्या. एरवी भाचेसून हसली असती. आता तिच्या कपाळाला घाम आला होता. आपणच तर काही मोडलं नाही ना, म्हणून तिनं नुकतंच काय काय काढलं ते एकेक करून तपासायला घेतलं.

त्यात एक बारकासा प्रोग्राम होता. कॉम्प्युटरवरची नक्षी मशीनपर्यंत पोचवायची, एवढंच त्याचं काम. आला होता जुन्याबरोबर, पण नव्याचंही सगळं त्याच्यावरच चाललं होतं. नव्या प्रोग्रामनं ते कधी बोलून दाखवलं नाही, मग कॉम्प्युटरला कळावं कसं.

तेवढा एकच प्रोग्राम तिनं नाव घेऊन परत मागवला. मशीन घुरघुरलं. सुई टकटक करत कापडावर उतरली आणि निळ्या दोऱ्याचं पहिलं अक्षर उठायला लागलं. भाचेसून खुर्चीत मागे रेलली. आत्याबाईंनीही सुस्कारा सोडला, पण हळूच, कुणाला ऐकू जाणार नाही असा.

पुन्हा साफसफाई केलीस की पुन्हा हाच घोळ, असं त्या म्हणाल्या. भाचेसून नाही म्हणाली. आधी हा दुसऱ्याच्या पाठोपाठ आला होता, म्हणून तो दुसरा गेल्यावर याच्यावर पाळी आली. आता आपण याला नाव घेऊन बोलावलंय. तशी नोंद झाली. कुणीही येवो, कुणीही जावो, याला हात लागायचा नाही.

आत्याबाईंनी शेवटचं रीळ जागेवर ठेवलं आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

"यंत्राचं बरं असतं बाई," त्या म्हणाल्या. "त्याची नोंद तरी होते. चला, मला गाडी गाठायचीय."

भाचेसून उठली. आत गेली, पलंगाखालची पिशवी ओढून घेऊन आली आणि ती त्यांच्यासमोरच उलटी करून कपडे परत घडीला लावायला बसली. केर काढतानाच दिसली होती म्हणाली.

"आत्या, सासूबाईंसाठी तुम्हाला आणलं असं वाटतं तुम्हाला? त्या नकोच म्हणत होत्या. मेले तरी चालेल, पण ती कातर घरात आणू नका, म्हणाल्या. मी हट्ट धरला, म्हणून हे तुम्हाला आणायला आले."

आत्याबाई परत खाली बसल्या. "तू? तुला गं कशाला हवी होते मी? तिचं करायला तू होतीस की."

"त्यांचं करायला मी होते," भाचेसून म्हणाली. पिशवीतून पडलेली खोलीची किल्ली तिनं आपल्या कमरेला खोचली. "माझ्या बाजूनं भांडायला कुणी नव्हतं."