एस्तरबाईंच्या घरचं पाणी

मूर्तिजापूरचा सूर्यभान मोजणीच्या कामासाठी पहिल्यांदाच कोकणात आला आणि रेवदंड्याजवळ यहुद्यांच्या जुन्या आळीत, प्रवाशांना खोल्या देणाऱ्या एस्तरबाईंकडे उतरला. म्हातारी पाण्याचा तांब्या पुढे ठेवून आत गेली. त्याच्या घशाला कोरड पडली होती, पण तांब्याला हात लावायचा धीर होईना. बौद्ध होऊन वर्ष झालं होतं. तरी गेल्याच महिन्यात अकोल्याच्या एका खानावळीत तो पाणी प्यायला, मग मालकाने जात विचारली आणि पेला बाहेर फेकला. आता तो ओसरीवरून उठला, दारापर्यंत गेला, परत येऊन बसला, पुन्हा उठला. आधीच सांगून टाकावं का?

एस्तरबाई बाहेर आल्या. तांब्या तसाच भरलेला पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"आम्ही शनिवारी घाणा बंद ठेवतो, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणतं," त्या हळूच म्हणाल्या. "आमच्या हातचं चालत नसेल, तर मागे विहीर आहे. पोहरा देते."

सूर्यभान आपलं पाणी नाकारेल, अशी भीती आजवर कुणालाच वाटली नव्हती.

"मीच तं भेऊन राहिलो होतो, माय," तो म्हणाला आणि त्याने तांब्या तोंडाला लावला.