नवव्या भागातली शांतता

नवव्या भागावरून घरात दोन तट पडले होते आणि रेकॉर्डिस्ट मान खाली घालून दोन्हींच्या मधोमध जेवत होता.

बायकोच्या मते अख्ख्या मालिकेत तशी जागा नव्हती. अंतराळयानात एका पोरक्या मुलाला वाढवणारी यंत्रदाई. मुलगा मोठा होऊन दुसऱ्या ग्रहावर जायला निघतो, दारात थांबतो, विचारतो, "मी गेल्यावर तू काय करशील?" दाई उत्तरच देत नाही. मिनिटभर नुसती यानाची घरघर.

मेहुण्याच्या मते तेवढ्या वेळात एक शर्ट इस्त्री होतो. त्याने तो केलाही होता.

"न बोलता किती सांगून जाते ती," बायको म्हणाली. "नाहीतर काही माणसं. न बोलता काहीच सांगत नाहीत."

हे कोणाला उद्देशून होतं ते रेकॉर्डिस्टला कळलं. त्याने पाणी पिऊन घेतलं.

बाहेरही हेच चाललं होतं. जगभर नावाजलेल्या या जपानी ॲनिमे मालिकेचा मराठी अवतार दर आठवड्याला येत होता आणि प्रेक्षकांचे मौनवाले आणि झोपवाले असे दोन पक्ष झाले होते. मौनवाले लेख लिहीत. झोपवाले लेखांखाली जांभया टाकत. मूळ जपानीतून मालिका पाहिलेल्या एका गृहस्थाने भीत भीत लिहिलं, की तिथे दाई त्या जागी चांगली मिनिटभर बोलते. एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन्ही पक्षांनी एकत्र येऊन त्याला हाकलून दिलं.

गृहस्थ खरं बोलत होता. मालिकेला मराठी आवाज चढवणाऱ्या स्टुडिओतच कामाला असल्याने रेकॉर्डिस्टला हे ठाऊक होतं, पण तो लाइक द्यायलाही धजला नाही.

दाईचा मराठी आवाज मावशींचा होता. रेडिओच्या काळापासूनच्या कलावंत. स्टुडिओत सगळेच त्यांना मावशी म्हणत. त्या संवाद पाठ करून यायच्या. कागद हातात असायचा तो रिवाज म्हणून. नव्या पोरींना झापताना मालक त्यांचाच दाखला देत.

त्या दिवशी मालकांना दाईचं उत्तर फार रडकं वाटलं. त्यांनी ते ऐनवेळी बदलून घेतलं आणि नवा कागद मावशींना दारातच दिला. रेकॉर्डिस्टने त्यांना काचेपलीकडच्या खोलीत बसवलं, ध्वनिमुद्रण सुरू केलं आणि मोबाइल घेऊन तो व्हरांड्यात गेला. दृश्य संपलं की मुद्रण आपोआप थांबे, त्यामुळे हे असं सटकणं नेहमीचंच होतं. तो तेव्हा मालिकेच्या कट्टर विरोधकांत होता. व्हरांड्यात उभं राहून त्याने टोपणनावाने लिहिलं, की ही यंत्रदाई फार बडबडते, तिने जरा तोंड मिटावं.

परत आला तेव्हा मावशी चपला घालत होत्या. झालं का, असं त्याने विचारलं. झालं एकदाचं, असं म्हणून त्या वर न बघता निघून गेल्या.

पडद्यावर आवाजाच्या चढउतारांच्या जागी सरळ रेघ होती. सरळ रेघ म्हणजे काय, हे या धंद्यात कोणी ऐकून बघत नाही. रेकॉर्डचं बटण दाबायचंच राहिलं असणार.

मावशींना परत बोलावलं असतं तर आपण कुठे होतो हे सांगावं लागलं असतं, आणि भाग तर संध्याकाळी जायचा होता. चित्रात दाईला तोंडच काढलेलं नव्हतं, तेव्हा ओठ हलण्याचा प्रश्न नव्हता. त्याने घरघर थोडी वाढवली आणि भाग पाठवून दिला.

भाग लागल्यावर मालकांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. रेकॉर्डिस्ट मनातल्या मनात नव्या नोकरीचा अर्ज लिहीत आत शिरला. मालक म्हणाले, असे धाडसी निर्णय घ्यायला छाती लागते. छाती त्यांचीच होती, हे पुढे मुलाखतीत कळलं.

मग पुरस्कार जाहीर झाला. सर्वोत्कृष्ट आवाज, मावशी. नवव्या भागातल्या मौनासाठी.

तेव्हापासून रेकॉर्डिस्टला झोप लागेना. जन्मभर बोलून ज्या बाईला कोणी विचारलं नाही, तिचा सत्कार होणार होता तो नेमका त्याने गिळलेल्या मिनिटासाठी. मावशी काय बोलल्या असतील, कशा बोलल्या असतील, ते आता कोणालाच ऐकू येणार नव्हतं. खरं सांगितलं तर मालकांची छाती उघडी पडणार आणि याची नोकरी जाणार, हे उघड होतं. तरी सत्काराच्या दिवशी सकाळी तो मावशींच्या घरी गेला.

सून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होती. त्याला बघून ती चहा ठेवायला आत गेली. मावशी नव्या साडीत अवघडून बसल्या होत्या. सत्काराचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर कुठे दिसत नव्हता.

"मावशी, त्या दिवशी मी खोलीत नव्हतो," तो एका दमात म्हणाला. "बाहेर मोबाइल बघत होतो. रेकॉर्डचं बटण दाबायला विसरलो. तुम्ही जे बोललात ते सगळं माझ्यामुळे गेलं. आज तिथे येऊन सगळ्यांसमोर सांगतो मी."

मावशी बराच वेळ गप्प राहिल्या. मौनवाल्यांनी डोक्यावर घेतली असती अशी ती शांतता होती. रेकॉर्डिस्टला ती सोसवेना. त्याने फरशीवर नजर खिळवली.

"मालकांना बोललास?"

"नाही."

"सुनेसमोर बोलू नकोस." त्यांनी स्वयंपाकघराकडे कान दिला आणि आवाज खाली आणला. "मला वाटत होतं, तुला सगळं कळलंय आणि तू मला सांभाळून घेतोयस. तुला तोंड दाखवायची लाज वाटत होती रे मला."

"मला? कशाची?"

"बटण तू दाबलं होतंस, बाळा. लाल दिवा मला शेवटपर्यंत दिसत होता. कागदावरचं मात्र काही दिसत नव्हतं."