सँडबॉक्सची पैज

बन्सीरावांच्या कम्प्युटरवर त्यांच्या मुलानं, सम्यकनं, सँडबॉक्स नावाचं सॉफ्टवेअर बसवून दिलं. संशय येईल ती फाईल त्या बंद कप्प्यात उघडायची. आत व्हायरस असला तरी तो कप्प्याबाहेर येत नाही. दोन दिवसांत ही बातमी बजाजनगरच्या त्यांच्या सोसायटीत सगळ्यांना पाठ झाली.

शेजारचे हेमचंद्रराव हसले. "घरच्या कम्प्युटरला कशाला हवंय हे? मी अनोळखी माणसाची फाईल उघडतच नाही. तेवढं पुरतं."

बन्सीराव म्हणाले, "लई भरवसा हाय तुमचा स्वतःवर! मग लावा पैज. महिन्याभरात ज्याच्या कम्प्युटरात व्हायरस शिरंल, त्यानं सगळ्या सोसायटीला गुलमंडीची इमरती खिलवायची."

विसाव्या दिवशी हेमचंद्ररावांचा कम्प्युटर बंद पडला. दुरुस्तीवाल्यानं तपासलं, तर आत सात व्हायरस निघाले. हेमचंद्ररावांनी दिलखुलासपणे हार मानली, घरोघरी इमरती वाटली आणि त्याच संध्याकाळी सम्यकला बोलावून सँडबॉक्स बसवून घेतलं.

इमरतीचा तुकडा मोडत सत्यभामाबाईंनी नवऱ्याला, बन्सीरावांना, विचारलं, "व्हय हो, त्या सँडबॉक्समधी तुम्ही फायली उघडल्या तरी किती?"

 

"एक बी नाय. नवंकोरं सॉफ्टवेअर, खराब झालं म्हंजे? संशय आला की फाईल मी आधी हेमचंद्ररावांना पाठवायचो, 'बघा बरं, उघडती का' म्हणून."