गेटवरची झडती

“आधी तिची पिशवी बघ!” सोसायटीचे सेक्रेटरी गेटवर माझ्यावर ओरडले. धुणंभांडी उरकून निघालेल्या शेवंताबाईंनी सवयीने पिशवी पुढे केली.

“नाही बघणार, साहेब. वॉचमनच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलंय, मर्जीशिवाय कुणाची झडती घ्यायची नाही.”

“ट्रेनिंगचं कार्ड मिळालं म्हणून फौजदार झालास काय? इतकी वर्षं बघतच होतास ना?”

बघत होतो. माझी बायकोही इथेच पोळ्या करायची. तिची पिशवीसुद्धा मी रोज चारचौघांत उघडायचो. ती खाली बघत उभी राहायची. घरी त्यावर कधी बोलली नाही. मार्चमध्ये ती गेली. माफी मागायची राहिली.

“उद्यापासून येऊ नकोस.”

“कार्ड माझ्या नावावर आहे, साहेब, दुसरीकडेही चालेल. आणि आज आठपर्यंत ड्युटी माझीच.”

शेवंताबाई छोट्या दाराकडे वळल्या. मी त्यांच्यासाठी गाड्यांचं मोठं गेट सताड उघडलं.