मिर्झोहिदची संमती

"मिर्झोहिद हो म्हणेपर्यंत मी सही करणार नाही," होसियतनं पुन्हा एकदा सांगितलं आणि वकिलाच्या पेल्यात अर्धाच चहा ओतला. ताश्कंदमध्ये पाहुणा जेवढा मानाचा, तेवढा पेला रिकामा ठेवतात. फोझिलला ती फार मानत होती.

आणि का मानू नये? बांधकाम कंपनीचा वकील असून तो बोलायचा तिच्या बाजूनं. अख्ख्या मोहल्ल्यात आता तिचं एकच घर उभं होतं, बाकी सगळीकडे खड्डे आणि क्रेन. शेजाऱ्यांनी तोंडी वचनांवर घरं सोडली आणि आता भाड्याच्या खोल्यांत बोटं मोडत बसले होते. फोझिलनं तिला बसवून समजावलं होतं की नवा फ्लॅट कुठल्या मजल्यावर, किती खोल्यांचा, ताबा कधी, उशीर झाला तर भाडं कोण भरणार, सगळं कागदावर घ्या. कंपनीच्या शब्दावर जाऊ नका, माझ्यासुद्धा. असा वकील फुकटात कुणाला मिळतो?

"मग तुझे मालक तुला पगार कशाचा देतात रे?" तिनं तेव्हा चिडवलं होतं.

"धोके हुंगायचा," तो हसून म्हणाला होता. "वीट रचायच्या आधी पाय कुठे घसरेल ते मी सांगायचं. साइटवर निम्मे मजूर बिनकागदाचे असतात, मावशी. त्यातला एक वरून खाली आला, की कंपनी त्याच्या मागोमाग खाली."

त्यानंच ओळख लावून तिच्या पोराला, मिर्झोहिदला, कंपनीच्याच कझाकस्तानातल्या अस्तानाच्या साइटवर चिकटवून दिलं होतं. ते उपकार ती विसरली नव्हती.

घर मायलेकांच्या नावावर होतं, पण कायद्याची अडचण नव्हती. जाताना मिर्झोहिद तिला कुलमुखत्यारपत्र करून देऊन गेला होता. अडचण भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली होती. निघायच्या सकाळी पोरानं एक चावा घेऊन ठेवलेला नान. उरलेला त्यानं परत येऊन खायचा, याच घरात, म्हणून तो वाळून खडखडीत झाला तरी तिनं हलवला नव्हता. पोर आलं आणि दारच सापडलं नाही तर?

अंगणात द्राक्षाच्या मांडवाला पोराचा लावा पक्षी टांगलेला होता. बित-बिल्दिक, बित-बिल्दिक, दिवसभर टकळी चालू. मिर्झोहिदचा त्याच्यावर इतका जीव, की जाताना त्यानं तो आवाज फोनमध्ये भरून घेतला. "तुझा मेसेज आला की हाच ओरडेल," म्हणाला होता. "बाकी कुणासाठी नाही."

हल्ली पोराचा स्वतःचा आवाज मात्र ऐकू येत नसे. फोन उंचावरून पडला, बोललेलं पोचत नाही, असं त्यानं कळवलं होतं. दुसऱ्या कुणाचा घे म्हटलं तर विषय बदलायचा. पण लिहायचा नेमानं, आणि किती गोड! पूर्वी दोन ओळींत चार टोमणे मारणारं कार्टं आता तब्येत जप, थंडीत बाहेर पडू नकोस, असं लिहीत होतं. परमुलखात गेलं की आईची किंमत कळते बघ, असं ती आपल्या मैत्रिणीला, जुलैखोला, अभिमानानं सांगायची.

"मग विचारा ना त्याला आत्ताच," फोझिल म्हणाला. "मी बसलोय."

तिनं चष्मा लावला आणि एकेक अक्षर शोधून दाबलं. सही करू का रे, राजा? मेसेज गेला आणि लावा खणखणीत बोलला.

"बघ, त्यालाही कळलं," ती म्हणाली. फोझिल हसला. मग ऑफिसला एक फोन करायचा राहिलाय म्हणत, बॅग उचलून अंगणात गेला.

किटलीतला चहा निवायच्या आत उत्तर आलं. कर सही, आई. फोझिलभाऊंचं ऐक. मी आता नव्या घरीच येईन.

होसियतला रडू फुटलं. इतक्या दिवसांचा घोर उतरला होता. फोझिल परत आला तेव्हा तिनं ओढणीनं डोळे पुसत फोन त्याच्यापुढे धरला. त्यानं सावकाश वाचलं, मान डोलावली आणि कागद पसरले.

एका ओळीवर तिचं बोट थांबलं. मागच्या वा पुढच्या कोणत्याही कारणावरून मी किंवा माझ्या कुटुंबातलं कुणीही कंपनीवर दावा लावणार नाही.

"हे कशाला? माझं कुटुंब म्हणजे एक पोरगा."

"सगळ्यांच्याच कागदात असतं, मावशी. त्याशिवाय किल्ली देत नाहीत."

तिनं सही केली. गाडीत थांबलेल्या नोटरीबाई आत आल्या, शिक्का मारला आणि चहाला नको म्हणून निघून गेल्या.

मग ठरल्याप्रमाणे जुलैखो आली. नवव्या मजल्यावर पाखराचे हाल होतील, हा सल्लाही फोझिलचाच. होसियतनं लाव्याला मूठभर बाजरी घातली आणि पिंजरा मैत्रिणीच्या हातात दिला. जुलैखोची बस सुटली तसं अंगण एकदम मुकं झालं. तिला फार चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

फोझिल काम फत्ते झालेल्या माणसासारखा पाय पसरून चहा पीत होता. बॅग शेजारी गादीवर होती.

होसियतनं खिळ्यावरून नान काढला, धुतलेल्या रुमालात बांधला आणि उराशी धरला. मग एका हातानं पोराला लिहिलं, तुझा नान बरोबर घेतलाय. लवकर ये आणि खा.

तिनं मेसेज पाठवला.

फोझिलच्या बॅगेत लावा बोलला, बित-बिल्दिक.