वर्षभर हात न लावलेलं

मोबाईलवर कसले कसले व्हिडिओ बघून मलकापूरच्या कुणालच्या डोक्यात घर रिकामं करायचं खूळ शिरलं. पसारा गेला की माणूस स्वतःसाठी जगायला लागतो म्हणे, आणि त्याला यंदा मॅरेथॉन पळायची होती. नियम एकच, वर्षभर ज्याला हात लावला नाही, ते घराबाहेर.

त्याची बायको रेश्मा गच्चीवर सासूचं अंथरूण वाळत घालून खाली आली, तर दारात भंगारवाल्याचा टेम्पो भरत आलेला आणि कपाटावरचे तिचे पळायचे बूट गायब. पोलीस भरतीसाठी घेतलेले बूट. भरती तोंडावर आली आणि सासूचा खुबा मोडला, तेव्हापासून ते कपाटावरच होते.

"माझं बूट कुणाला इचारून दिलं?"

"वर्षभर हात तरी लावलास का त्यांना?" स्वतःच्या नव्या बुटांच्या नाड्या आवळत कुणाल म्हणाला. "मग अडगळच की ती."

रेश्मानं हातातली बादली फरशीवर आदळली. "वर्षभर ह्ये हात कुठं गुतलं हुतं, ते तुमाला म्हाईत न्हाई व्हय?"

तो काही बोलायच्या आत आतल्या खोलीतून, कॉटवरून सासूचा, बायडाबाईंचा आवाज आला.

"कुणाल, टेम्पोवाल्याला थांबीव रं जरा."

"का गं आई?"

 

"मलाबी घाल त्यात. वर्षभर तू मला तरी कुठं हात लावलायस?"